जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्तीला देताय? गॅरेजची चमक नको, हिशेब बघा

शेडमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी म्हणजे काही घरांतला कायमचा वाद. एक भाऊ म्हणतो, भंगारवाल्याला बोलवा, जागा तरी मोकळी होईल. दुसरा म्हणतो, आजोबांनी हौसेनं घेतलेली गाडी आहे, एकदा तरी चालू करून बघू. दुसऱ्याचं म्हणणं मान्य झालं की खरा प्रश्न पुढं येतो: गाडी द्यायची कुणाकडं?

नव्या गाडीचं तसं नसतं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असतं, कामाचा दर ठरलेला असतो, सुटा भाग नंबर सांगितला की मिळतो. साठ-सत्तर वर्षांच्या स्पोर्ट्स कारला यातलं काहीच नाही. काम किती आहे हे गाडी उघडल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा उघडली की मालकाच्या हातात फारसं काही राहत नाही. चॅसिस एका कोपऱ्यात, इंजिन लेथवाल्याकडं, दारं पेंटरकडं, सीट कुशनवाल्याकडं. अशा अवस्थेतली गाडी उचलून दुसऱ्या गॅरेजला नेणं जवळजवळ अशक्य असतं, आणि हे मेस्त्रीलाही माहीत असतं.

म्हणून भरवशाचं गॅरेज ओळखायचं ते गाडी सुटी होण्याआधी. आणि काम चालू झाल्यावर एकच नियम शेवटपर्यंत पाळायचा: काम पुढं, पैसा मागं. बहुतेक भांडणांचं मूळ हा क्रम उलटा होण्यात असतं.

उदाहरणाला एक गाडी धरू

एमजी टीसी ही ब्रिटिश बनावटीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १० हजार गाड्या बनल्या. सगळ्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या. इंजिन १,२५० सीसीचं, त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर. बाहेरून सगळा पत्रा दिसतो, पण आत अ‍ॅश जातीच्या लाकडाचा सांगाडा असतो आणि पत्रा त्या सांगाड्यावर बसवलेला असतो.

अशा गाडीनं ओलीत बरेच पावसाळे काढले की लाकूड कुजतं. बाहेरून पहिली खूण म्हणजे दार खाली लोंबतं, नीट लागत नाही. बिजागरी बदलून हे दुरुस्त होत नाही, कारण बिजागरीचे स्क्रू ज्या लाकडात बसतात तेच गेलेलं असतं.

आता दोन गॅरेजं समजा. पहिला मेस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारतो, पत्र्यावर टकटक करतो आणि म्हणतो, “काय नाही हो, लाकूड काढून टाकू, आतनं चौकोनी पाइप वेल्ड करू. आयुष्यभर बघायला नको. सोडून जावा.” दुसरा दार उचलून बघतो, कार्पेट वर करून फळी दाबून बघतो आणि म्हणतो, “लाकूड किती गेलंय हे पत्रा सोडवल्यावरच सांगता येईल. सुताराला बोलवावं लागेल. आधी तेवढ्याच कामाचा आकडा देतो, मग पुढचं बोलू.”

पहिल्याचं बोलणं ऐकायला बरं वाटतं. गाडी मात्र दुसऱ्याकडं द्यावी. त्याला या गाडीची रचना माहीत आहे आणि जे दिसत नाही त्याचा आकडा तो उगाच सांगत नाही. शिवाय पहिल्याच्या चौकोनी पाइपामुळं गाडीचं मूळपण जातं, आणि मूळपणाला आता कायद्यातही किंमत आहे.

मूळ रूप का महत्त्वाचं?

केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अट अशी की गाडी मूळ रूपात ठेवलेली असावी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं आणि पुढच्या नोंदणीला ५ हजार रुपये. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ज्या गाडीची आधीच नोंदणी आहे तिला आपला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच आणता येते.

याचा गॅरेजशी थेट संबंध आहे. मूळ इंजिनाचे भाग मिळत नाहीत म्हणून एखाद्या हॅचबॅकचं इंजिन बसवून देणारे मेस्त्री सगळीकडं आहेत. गाडी चालू होते, सोयीची होते, एसीसुद्धा बसतो. पण ती या व्हिंटेज नोंदणीच्या अटीत बसत नाही आणि विकायला काढली तर जाणकार गिऱ्हाईक इंजिन क्रमांक बघूनच परत जातं. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ तपशिलात असा बदल करायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. “आरटीओचं नंतर बघू” म्हणणारा मेस्त्री स्वतः काही बघणार नसतो. आरटीओच्या खिडकीपुढं उभं राहणार तुम्ही.

तेव्हा गॅरेज शोधण्याआधी घरात बसून ठरवा, आपल्याला नेमकं काय हवंय. एक, गाडी चालू करून सणासुदीला फिरवायची. दोन, जशी आहे तशी, जुन्या रंगासकट जपायची आणि फक्त बिघडलेलं दुरुस्त करायचं. तीन, शेवटच्या नटापर्यंत सुटी करून पुन्हा उभी करायची. तिन्ही कामं वेगळी, खर्च वेगळा, कारागीरही वेगळा. दोन नंबरचं काम हवं असताना तीन नंबरवाल्याकडं गेलात तर तो मूळ रंग खरवडूनच टाकेल. तो रंग पुन्हा आणता येत नाही. कोणत्या प्रकारचं काम हवंय हे न विचारताच आकडा सांगणाऱ्याकडून परत या.

कागद आधी, पाना नंतर

आपल्या सीमाभागातल्या जुन्या गाड्यांची एक वेगळीच अडचण आहे. गाडी जागेवरच राहते आणि राज्य बदलतं. १९४८ साली बेळगावात घेतलेल्या गाडीची पहिली नोंद मुंबई राज्यातली. १ नोव्हेंबर १९५६नंतर बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. गोव्यात डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळं तिथल्या जुन्या गाडीचे कागद पोर्तुगीज भाषेत निघू शकतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथं संस्थानी काळातली नोंद असू शकते. शिवाय आजच्या पद्धतीचे नंबर आले ते १९८८चा मोटार वाहन कायदा जुलै १९८९मध्ये लागू झाल्यानंतर.

यामुळं होतं काय, की आजोबांच्या नावावरचं जुनं पुस्तक एका पेटीत, कराच्या पावत्या दुसरीकडं, आणि गाडी वारसांच्या नावावर कधी झालेलीच नसते. अशा गाडीवर लाखो रुपये घालण्याआधी ती कायद्यानं कुणाची आहे हे पक्कं करा. नाहीतर गाडी चमकून परत आल्यावर पहिला दावा चुलतभावाचा येतो.

गॅरेजवाल्यानं काम घेण्याआधी कागद मागितले तर वाईट वाटून घेऊ नका. ते चांगलं लक्षण आहे. कागद, चॅसिसवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक हे तिन्ही जुळवून बघणारा माणूस चोरीच्या किंवा दोन गाड्यांची एक केलेल्या गाडीला हात लावत नाही. अनेक ब्रिटिश गाड्यांच्या कारखान्यातल्या मूळ नोंदी इंग्लंडच्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपलेल्या आहेत. शुल्क भरलं की गाडीचा मूळ इंजिन क्रमांक, रंग आणि ती कुठं पाठवली होती याचं प्रमाणपत्र तिथून मिळतं. आपल्या गाडीची नोंद तिथं असेल तर हा खर्च सगळ्यात आधी करावा. रंग कुठला द्यायचा हा वाद त्या एका कागदानं मिटतो.

बेळगावची गाडी कामासाठी कोल्हापूर-पुण्याला किंवा सिंधुदुर्गाची गाडी गोव्याला देत असाल तर आणखी एक गोष्ट. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली तर तिथल्या नोंदणीचा नियम लागू होतो. जुन्या गाडीचं काम सहज वर्ष ओलांडतं. गाडी कधी आली आणि दुरुस्तीसाठीच आली आहे, याचा तारखेचा कागद गॅरेजच्या सही-शिक्क्यानिशी जवळ असू द्या.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय बघायचं

बहुतेक जण गॅरेजच्या दारातली तयार गाडी बघून भुलतात. चकचकीत रंग, क्रोमचा बंपर, मोबाइलवर शंभर फोटो. तयार गाडीवरून आतलं काही कळत नाही. रंगाखाली गंज आहे की नाही हे रंग दिल्याच्या दिवशी पेंटरशिवाय कुणालाच माहीत नसतं. ते बाहेर येतं दोन-तीन पावसाळ्यांनंतर, रंगाला फोड धरतात तेव्हा. म्हणून गेल्या वर्षी तयार झालेल्या गाडीचा मालक सोडा, चार-पाच वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता मागा आणि त्याची गाडी बघून या. जो मेस्त्री असे दोन पत्ते आनंदानं देतो त्याचं अर्धं काम झालं.

असे मालक भेटण्याची दुसरी जागा म्हणजे जुन्या गाड्यांची प्रदर्शनं आणि रॅली. बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जानेवारी २०२३मध्ये देशभरातल्या जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार निघते ती बघायला तर सगळं गाव लोटतं. अशा ठिकाणी गाडीबरोबर फोटो काढून झाला की मालकाला किंवा गाडी सांभाळणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: काम कुणी केलं, किती वर्षं झाली, आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा शेवटी किती जास्त लागले. हौशी माणूस या प्रश्नांवर मोकळेपणानं बोलतो.

गॅरेजमध्ये मात्र अर्धवट गाड्या बघा. किती उभ्या आहेत? प्रत्येक कधीपासून? त्यांच्यावर धूळ किती? चार माणसांचं गॅरेज आणि पंधरा गाड्या सुट्या पडलेल्या असतील तर तुमची सोळावी असणार. अशा ठिकाणी नव्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून जुन्याचं काम रेटत असण्याचा धोका असतो. असं चक्र कधीतरी थांबतं, आणि थांबतं तेव्हा शेवटचा गिऱ्हाईक अडकतो.

सुटे भाग कसे ठेवलेत तेही बघा. प्रत्येक गाडीचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावलेले, उघडताना फोटो काढलेले, असं दिसलं तर शिस्त आहे. सगळं एकाच पिंपात असेल तर जोडताना तुमच्या गाडीला दुसऱ्याचा भाग लागणार आणि तुमचा हरवणार. जुन्या ब्रिटिश गाड्यांत नट-बोल्टाचे आटे आणि मापं आजच्यापेक्षा वेगळी असतात, त्याचे पाने वेगळे. ते पाने गॅरेजमध्ये आहेत का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. पकडीनं खाल्लेले, गोल झालेले बोल्ट दिसले तर उत्तर समोरच आहे.

कोणतं काम कोण करणार?

एकाच छपराखाली सगळं करणारं गॅरेज क्वचितच असतं, आणि त्यात गैर काही नाही. आपल्या भागाला तर हे सोयीचंच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि मशीन शॉपची मोठी परंपरा आहे. सिलिंडर बोअरिंग, क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग, एखादा न मिळणारा भाग ओतून किंवा कातून घेणं यासाठी मोठ्या शहरात जायची गरज पडत नाही. प्रश्न एवढाच की बाहेरच्या कामाची जबाबदारी कुणाची? क्रँकशाफ्ट चुकीच्या मापाला घासला गेला तर “ते लेथवाल्याकडून झालं” हे उत्तर चालणार नाही, हे आधीच ठरवून घ्या.

पत्र्याचं काम खास लक्ष देऊन बघायचं. गंजलेला भाग कापून तिथं नवा पत्रा जोडणं हे खरं काम. त्याऐवजी गंजावरच लांबी भरून, घासून, वरून रंग मारणं स्वस्त आणि झटपट. साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवलं तर लांबीचा जाड थर असेल तिथं ते नीट धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला अर्थातच ही युक्ती चालत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे करारातच लिहायचं: सगळा जुना रंग काढून पत्रा उघडा झाल्यावर मालकाला दाखवल्याशिवाय प्रायमर मारायचा नाही. त्या दिवशी सुट्टी काढून जा आणि फोटो काढून ठेवा.

आपल्याकडं आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे हवा. गोवा-कोकणच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. बेळगावच्या पावसाळ्यात उघडा पत्रा आठवडाभरसुद्धा बिनप्रायमरचा ठेवता येत नाही, आणि दमट हवेत मारलेला रंग धुरकट पडतो. जून ते सप्टेंबरमध्ये बंद, कोरड्या बूथशिवाय रंगकाम करायला तयार असलेला पेंटर टाळा. “आता पावसात नको, दिवाळीनंतर मारू” म्हणणारा बरा.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीला पत्र्याचा त्रास नाही. म्हणून मालक निर्धास्त असतात. खालच्या लोखंडी चॅसिसला मात्र गंज चढतोच आणि फायबरचं काम पत्रेवाल्याच्या हातचं नाही. तिथं कारागीर वेगळाच शोधावा लागतो.

भागांचं बोलायचं तर, एमजी किंवा ट्रायम्फसारख्या गाड्यांचे बरेच सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही नव्यानं बनतात. मद्रासमध्ये १९६१पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड अजून काही घरांत आहे. ती मुळात ट्रायम्फ हेराल्ड, आणि ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार त्याच हेराल्डच्या चॅसिसवरून घडवलेली. त्यामुळं हेराल्डवाल्यालाही बाहेरून भाग मिळू शकतात. मेस्त्री “हा भाग मिळतच नाही, दुसरा काहीतरी बसवू” म्हणाला तर त्यानं कुठं शोधलं ते विचारा. शक्य असेल तर भाग स्वतः मागवा. बिल, कुरिअर आणि कस्टम ड्यूटीची पावती तुमच्या नावावर राहील, आणि उद्या गॅरेज बदललं तरी भाग तुमचाच.

पैसे कसे द्यायचे

आता मूळ मुद्दा. समजा, एकूण अंदाज १० लाखांचा. मेस्त्री म्हणाला, निम्मे आत्ता द्या. तुम्ही ५ लाख दिले. गाडी सुटी झाली, त्याला खर्च आला ५० हजार. पुढं “इंजिनाचं सामान आणायचंय” म्हणून आणखी २ लाख गेले. वर्षानं बघितलं तर काम झालंय ३ लाखांचं आणि तुम्ही दिलेत ७ लाख. हे मधले ४ लाख म्हणजे तुम्ही मेस्त्रीला दिलेलं बिनव्याजी, बिनतारण कर्ज. उलट तारण त्याच्याकडं आहे: तुमची गाडी.

हे टाळायचं तर कामाचे टप्पे पाडा. पहिला टप्पा फक्त तपासणी आणि सुटं करणं, त्याचा वेगळा आकडा, वेगळं बिल. त्यात काय सापडलं याची लेखी यादी फोटोंसह. ती बघून मग पुढचा अंदाज. नंतर चॅसिस, बॉडी, इंजिन, वायरिंग, रंग, कुशन अशा प्रत्येक टप्प्याची रक्कम ठरवायची. टप्पा सुरू होताना लहान आगाऊ रक्कम, संपल्यावर बघून बाकी. ठरल्यापेक्षा अमुक रकमेहून जास्त खर्च निघाला तर आधी मेसेजवर मंजुरी घ्यायची, ही अट घाला. दहा हजार असो की वीस, आकडा तुम्ही ठरवा.

मजुरी तासावर की ठोक, हेही विचारा. न दिसणाऱ्या गंजाचं काम ठोक रकमेत घेणारा एकतर भरपूर वाढवून सांगतो किंवा मध्येच घाई करतो. तासावर घेणारा असेल तर रोजची नोंदवही हवी: कोण माणूस, किती तास, कोणतं काम. ती वही महिन्यातून एकदा बघायला मिळेल का, एवढं विचारून समोरच्याचा चेहरा बघा.

बिल मागायला लाजू नका. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळं लहान गॅरेजकडं जीएसटी नंबर नसणं हा गुन्हा नव्हे. साधं छापील बिल आणि पावती मात्र तो देऊ शकतो. नंबर असेल तर तो जीएसटीच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. पैसे शक्यतो बँकेतून द्या, आणि ज्या नावाचं बिल त्याच नावाच्या खात्यात. “बिल नको असेल तर थोडं कमी करतो” हे बोलणं स्वस्त वाटतं, पण पुढं वाद झाला तर तुम्ही पैसे दिल्याचा पुरावा त्याच दिवशी गेलेला असतो.

दोन पानांचा करार पुरतो

वकिली भाषा नको, साध्या मराठीत लिहा. दुसऱ्या राज्यातला मेस्त्री असेल तर त्याला समजेल अशा भाषेतही एक प्रत करा. त्यात एवढं हवं: चॅसिस आणि इंजिन क्रमांक, गाडीबरोबर दिलेल्या वस्तूंची यादी, अगदी हबकॅप आणि जॅकसुद्धा, कामाचे टप्पे, रक्कम, मुदत, मूळ इंजिन, चॅसिस, बॉडी लेखी परवानगीशिवाय कापायची किंवा बदलायची नाही ही अट, काढलेले जुने भाग परत करायचे ही अट, आग किंवा चोरी झाली तर कुणाचा विमा, आणि काम मध्येच थांबलं तर हिशेब कसा करायचा. जुना भाग निकामी वाटला तरी परत घ्या. नवा करताना नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो, आणि मूळ भागाला वेगळं गिऱ्हाईकही असतं.

कायदा इथं दोन्ही बाजूंनी बोलतो, ते समजून घ्या. १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणं तुमची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं ती स्वतःच्या वस्तूसारखी, शहाण्या माणसाच्या काळजीनं सांभाळायला हवी. हे कलम १५१. पण कलम १७० सांगतं की ज्यानं वस्तूवर मेहनत आणि कौशल्य वापरून ठरलेलं काम केलं, त्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यातलं उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचं आहे. तिथंच दुसरं उदाहरण शिंप्याचं: कोट तयार झाल्याबरोबर देतो आणि पैशाला तीन महिन्यांची उधारी, असं त्यानं कबूल केलं असेल तर त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे करारात काय लिहिलंय यावर सगळं ठरतं. झालेल्या कामाचे पैसे थकवून “गाडी माझी आहे, नेतो” असा जोर चालत नाही. मेस्त्रीलाही घर चालवायचं असतं. टप्पा संपला, काम पसंत पडलं, की त्याच दिवशी पैसे द्या. चांगला कारागीर वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी आधी हातात घेतो.

आणि तरीही बिघडलं तर?

आधी बोला, मग लिहा. काय ठरलं होतं, काय झालं, किती दिले, किती दिवसांत काय हवं, हे पत्रानं किंवा ईमेलनं कळवा. फोनवरच्या भांडणाचा पुढं उपयोग होत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. कामासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडं जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

सीमाभागातल्या वाचकांना यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. कलम ३४ प्रमाणं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. गॅरेज पुण्याला असो की पणजीला, बेळगावचा माणूस बेळगावात तक्रार देऊ शकतो. फक्त गाडी स्वतःच्या वापराची हवी. दुरुस्त करून नफ्यानं विकायचा धंदा करत असाल तर तुम्ही या कायद्यापुरते ग्राहक ठरणार नाही.

अर्थात आयोगाचा निकाल पैसे मिळवून देईल. कापलेला चॅसिस आणि खरवडलेला मूळ रंग परत आणणार नाही. म्हणून पहिली भेट घाईत उरकू नका. दोन-तीन गॅरेजं बघा. शनिवारी सकाळी काम चालू असताना जा, चहा घ्या, माणसं कशी काम करतात ते तासभर नुसतं बसून बघा. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याला सोडा. “हे काम मला जमत नाही, त्यासाठी अमक्याकडं जावं लागेल” असं जो मोकळेपणानं सांगतो त्याचा नंबर घ्या. पहिल्यांदा सगळी गाडी देऊ नका. कार्ब्युरेटर किंवा एक दार देऊन बघा. ते काम ठरल्या दिवशी, ठरल्या पैशात, बिलासकट परत आलं, की मग बाकीच्या गाडीचा विचार करा.